अस्वलखोऱ्याचा नकाशा

आवळखेडच्या निवृत्ती ढगेला माणसं पारखायला वेळ लागत नसे. एक नजर टाकली की झालं. हा दळभद्री, तो चोंबडा, हा कालपरवाचा श्रीमंत, ही आगाऊ. सदुसष्ट वर्षांत या यादीतून त्याने कुणाचं नाव खोडलं नव्हतं आणि स्वतःचं नाव कधी तीत घातलं नव्हतं. गावाने त्याचा स्वभाव हसण्यावारी नेला होता. हरिओम राऊतने मात्र तो मनावर घेतला.

झालं ते एका वर्षश्राद्धाच्या पंगतीत. हरिओम बुंदीची बादली घेऊन वाढत होता. चाळिशीचा माणूस, घरी ट्रॅक्टर, जेसीबी, दाराशी पांढरी गाडी. पण वाढायला लाजला नव्हता.

"घ्या काका अजून," तो वाकून म्हणाला.

"वाढ बाप्पा," निवृत्ती पत्रावळीवरून नजर न उचलता म्हणाला. "तुमच्या घराले सवयच हाय. तुहा आजा आमच्या घरी सालदार होता. हात मोठा होता त्याचा."

पंगतीतली दोन-चार माणसं हसली. हरिओमने बुंदी वाढली, वरून थोडी जास्तच वाढली, आणि पुढच्या पत्रावळीकडे गेला. निवृत्ती तृप्त होऊन जेवला.

चौथ्या दिवशी हरिओमच्या वावरात जेसीबी उतरला. सडकेपासून निवृत्तीच्या वावरापर्यंत जाणारी गाडीवाट हरिओमच्या वावरातूनच होती. कागदावर ती कुठे नव्हती, पण पन्नास-साठ वर्षं बैलगाड्या गेल्या, मग ट्रॅक्टर गेले. त्या वाटेवर आडवा, छातीइतका खोल चर पडला. पलीकडे सिमेंटचे खांब आणि तारा आल्या. शिल्लक राहिला तो फक्त कडेचा धुरा, म्हणजे बांध, एक माणूस एका वेळी चालेल एवढा.

निवृत्तीच्या वावरात संत्र्याची अडीचशे झाडं होती. फळ पिवळा रंग धरू लागलं होतं. झाडं उभी होती ती सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. वावर संपलं की अस्वलखोरं सुरू होई, दोन्ही अंगांनी काळे कडे आणि मधे नाला. माल काढायचा तर गाडी झाडाशी यायला हवी. गाडी यायची तर चर बुजायला हवा. एवढं साधं गणित होतं, आणि ते सांगायला वकार सौदागर धुऱ्यावरून चालत आला. संत्र्याचा व्यापारी, दरसाल निवृत्तीची बाग तोच घेई. चप्पल हातात घेऊन आला, कारण धुऱ्यावर दव होतं.

"निवृत्तीभाऊ, माल बढिया हाय," वकारने एक फळ फिरवून पाहिलं. "लेकिन मी गाडी उडवत आनू का? आठ दिवसांत तोडा लागते. रस पिनारा डास लागला की फळगळ सुरू होते, तुमाले मालूम हाय."

"गाडी येईन."

"कशी?"

"मी सांगतो ना येईन म्हनून. त्या सालदाराच्या नातवाले मी भीक मागाची का?"

"भीक नका मागू. एक डाव चहा प्या त्याच्यासंगं."

निवृत्तीने वकारकडे असं पाहिलं, की वकारने चप्पल पायात घातली आणि दवातच चालू लागला. जाताना तो एवढंच म्हणाला, "नाई जमलं तर माल सडकेवर आनून द्या. डोक्यावर आना का खांद्यावर. मी सडकेवरून उचलतो." यावर निवृत्ती हसला. डोक्यावर ओझं वाहणारी माणसं वेगळी असतात, असं त्याला जन्मापासून ठाऊक होतं.

अर्ज घेऊन तो संग्रामपूरला तहसिलीत गेला. खिडकीतल्या कारकुनाने गावनकाशा काढून बोट फिरवलं. त्या ठिकाणी रस्ता दाखवलेला नव्हता. "वहिवाट सिद्ध करा," तो म्हणाला. "जुना कागद, जुना नकाशा, काही असेल तर जोडा. मंडळ अधिकारी येऊन जागा पाहतील." कारकुनाच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. निवृत्तीला परतीच्या बसमध्ये तेवढंच आठवत राहिलं, आणि अशा माणसाच्या हातात आपला अर्ज द्यावा लागला याची चीड येत राहिली.

घरी आला तर त्याची बायको पुष्पाबाई ओसरीत मुगाच्या वड्या घालत होती. पातळ पिठाची बोटं झटकत, ओळीने. वड्या घातल्या होत्या त्या एका जाड, पिवळट कापडी कागदावर. त्याच्यावर तपकिरी रेघांचं जाळं होतं, एकात एक, अंगठ्याच्या ठशासारखं, आणि मधून एक निळी रेघ वळवळत गेली होती. निवृत्ती पायऱ्या चढता चढता थांबला.

"हे कुठून काढलं?"

"कुठून म्हंजे? दरसाल याच्यावरच घालतो वड्या. मामंजीच्या पेटीतलं कापड हाय. फाटत नाई, चिकटत नाई."

"उचल त्या वड्या."

"आताच तं घातल्या."

"उचल म्हनतो ना."

पुष्पाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षं ती त्याच्याकडे असं पाहत आली होती, आणि त्याला कधी दिसलं नव्हतं. तिने सुरीने एकेक वडी सोडवली, परातीत घेतली, पुन्हा गोळा केली. निवृत्तीने ओल्या फडक्याने पीठ पुसलं. हळदीचे आणि तेलाचे डाग निघाले नाहीत.

तो नकाशा होता. निवृत्तीचा बाप किसन ढगे साठच्या आसपास सरकारी मोजणीच्या तुकडीत खलाशी, म्हणजे हरकाम्या गडी, होता. खोऱ्यात तंबू पडले होते. बाप निशाण घेऊन कड्यांवर चढायचा आणि साहेब खालून दुर्बिणीतून पाहायचे. पुढे तुकडीने छापलेल्या नकाशाची एक कापडावर डकवलेली घडी बापाला बक्षीस म्हणून मिळाली. बापाला लिहिता येत नव्हतं, पण तो नकाशा वाचू शके. पोरांना मांडीवर घेऊन सांगे: रेघा दाटल्या तिथं कडा, विरळ तिथं सपाट, निळं ते पानी, आन् ही दुहेरी तुटक रेघ हाय ना, ही गाडीवाट.

निवृत्तीने खाटेवर नकाशा पसरला आणि गुडघ्यावर बसला. गाडीवाट होती. सडकेपासून निघून, आता जिथे हरिओमचा चर होता तिथून, सरळ त्याच्या वावरापर्यंत. त्याच्या तोंडून आनंदाचा हुंकार निघाला. मग बोट आणखी पुढे सरकलं, आणि तिथेच थबकलं. गाडीवाट त्याच्या वावराशी थांबत नव्हती. त्याचं वावर मधोमध कापून ती खोऱ्याच्या तोंडात शिरत होती आणि निळ्या रेघेवरच्या झऱ्याशी जाऊन थांबत होती.

त्याला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तो भाग त्याने स्वतः नांगरला होता.

अठरा वर्षांचा होता तेव्हा. त्याआधी त्या वाटेने जंगलातल्या बांबूच्या गाड्या यायच्या. मग सरकारने खोऱ्याच्या तोंडाशी असलेली तीन एकर जमीन बौद्धवाड्यातल्या सोनाजी इंगळेला वाटून दिली. सोनाजी कोऱ्या पागोट्यात आपलं वावर पाहायला आला आणि त्याच गाडीवाटेने परत गेला. त्या उन्हाळ्यात बापाने पोराला नांगर धरायला लावला. "लोकाईची ये-जा वाढते," एवढंच म्हणाला. दोन दिवसांत वाट मोडली, दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या पडल्या, पुढे तिथे संत्रा लागला. सोनाजी विचारायला आला तेव्हा बाप म्हणाला होता, "इथं वाट होतीच कधी?" सोनाजीनंतर त्याची सून धम्मशीला विचारू लागली. तोवर बाप गेला होता. तेच उत्तर आता निवृत्ती देत होता.

त्याने नकाशाची पुन्हा घडी घातली. एक घडी बरोबर त्याच्या वावराच्या अलीकडच्या धुऱ्यावर येत होती. ती दाबून बसवली, वरून पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी संग्रामपूरला जाऊन त्याने फक्त वरच्या घडीची झेरॉक्स काढून अर्जाला जोडली. मूळ नकाशा जागेवर दाखवावा लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. "दाखवतो," तो म्हणाला. उघडा केला तरी हरकत नव्हती, असं त्याला वाटत होतं. आवळखेडात तो वाचणारं होतं कोण?

परत येताना तो वावराकडे वळला, तर धुऱ्यावर धम्मशीला समोरून आली. साठीची बाई, डोक्यावर कापसाचं गाठोडं, मान ताठ, हात मोकळे. तिचं वावर खोऱ्यात. सडकेपासून हरिओमच्या धुऱ्याने चालत यायचं, निवृत्तीच्या काट्यांशी आलं की वळायचं, टेकाडाच्या खांद्यावरून गोट्यांची चढण चढायची आणि पलीकडे खोऱ्यात उतरायचं. कापूस, तूर, खताची पोती, सगळं याच वाटेने डोक्यावरून. एकदा बैल न्यायला गेली तर त्याचा पाय खडकात मोडला. तेव्हापासून ती बैल ठेवत नव्हती, मजूर लावून खोदून घेत होती.

धुरा एका माणसापुरता. निवृत्ती समोर आला की ती गाठोड्यासकट खाली वावराच्या चिखलात उतरून उभी राहायची. तो जाईपर्यंत. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कधी चुकलंही नव्हतं. आजही ती उतरली. पाय घोट्यापर्यंत रुतले.

"निवृत्तीभाऊ," ती म्हणाली, "तुमचीही वाट बंद झाली म्हनतात."

"उघडते आठ दिवसांत. आपल्यापाशी पुरावा हाय."

"उघडली तं बरंच हाय. मंग तिथून पुढं मलेही…"

"पुढं काय? पुढं वाट होतीच कधी?"

तो न थांबता गेला. धम्मशीला वर चढली, गाठोडं सावरलं आणि सडकेकडे निघाली. बायकांना एक बोट दिलं की हात मागतात, असं निवृत्ती स्वतःशी म्हणाला, आणि त्याला ते वाक्य आवडलं.

मंडळ अधिकारी गुरुवारी आल्या. तिशी-पस्तिशीची बाई, डोक्यावर टोपी, पायात बूट, सोबत तलाठी. बाई पाहून निवृत्तीने मनातल्या मनात नाक मुरडलं. हरिओम आधीच येऊन चराच्या कडेला उभा होता, शुभ्र शर्टात. पाहणी म्हटली की गावातली दहा-बारा माणसं जमतातच. बाजूच्या वावरदारांना नोटीस गेली होती म्हणून धम्मशीलाही आली होती. पुष्पाबाई पाण्याची कळशी घेऊन मागे उभी राहिली.

"नकाशा," बाई म्हणाल्या.

निवृत्तीने घडी पुढे धरली, अंगठा घडीवर घट्ट. "हे पाहा म्याडम. हे सडक. हे तुटक रेघ. सरकारी मोजनी हाय. माहे वडील होते तिच्यात."

"पूर्ण उघडा."

"बाकीचं जंगल हाय म्याडम. कामाचं नाई."

"उघडा ना काका," हरिओम हसून म्हणाला. "जंगल आमालेही पाहू द्या."

बाईंनीच त्याच्या हातून नकाशा घेतला आणि हरिओमच्या गाडीच्या बॉनेटवर पसरला. मुगाच्या पिठाचा एक वाळका ठिपका अजून एका कोपऱ्यात होता. तो त्यांनी नखाने काढला. माणसं भोवती वाकली. निवृत्तीने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं. सगळे गाईसारखे पाहत होते.

"या तपकिरी रेघा काय, म्याडम?" हरिओमने विचारलं.

"उंची. एका रेघेवर चालत राहिलं तर चढही नाही, उतारही नाही. रेघा जवळ आल्या की चढ उभा." बाई वही काढत म्हणाल्या.

धम्मशीलाने गर्दीतून वाट काढली. नकाशाला हात लावायच्या आधी तिने हात लुगड्याला पुसला. मग बोट ठेवलं, निवृत्तीच्या वावराजवळ, जिथे रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या.

"हे टेकाडाची चढन," ती म्हणाली. "इथं मले गाठोडं घेऊन दोनदा बसा लागते."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेकाडाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "बरोबर आहे. तेच टेकाड."

"मंग इथं रेघा फाकल्या. इथं उतार हाय, इथं खडक निसरडा हाय, बैल इथंच पडला माहा. हे निळं म्हंजे नाला." बोट हळूहळू चालत होतं, जशी ती स्वतः चालत असे. "हा झरा. ह्याच्या अलीकडं माहं वावर."

"अगदी बरोबर, मावशी."

"आन् ही तुटक रेघ?" धम्मशीलाने बोट उलट फिरवलं, झऱ्यापासून मागे. "ही तं चढावर नाईच गेली. ही सगळी सपाटीनं येऊन राह्यली, झऱ्यापासून सडकेलोक. मधात एकही दाट रेघ नाई." ती थांबली. मान वर करून तिने समोर पाहिलं, जिथे संत्र्याच्या ओळी उभ्या होत्या. "ही भाऊच्या बागातून गेली."

वारा आला आणि नकाशाचा कोपरा फडफडला, तो तलाठ्याने दाबून धरला. बेचाळीस वर्षं धम्मशीला त्या चढावर बसत-उठत आली होती, पायांनी तिने रेघ न् रेघ पाठ केली होती, आणि निवृत्ती म्हणत होता, वाचणारं आहे कोण. माणूस किती मूर्ख असू शकतो याचा अंदाज त्याला स्वतःवरून कधी आला नाही, हीच तर त्याची अडचण होती.

"गाडीवाट झऱ्यापर्यंत आहे," बाई म्हणाल्या. "ढगेकाका, झेरॉक्समध्ये तुम्ही अर्धीच जोडली."

"बाकीची मोडली होती."

"कुणी?"

निवृत्तीने घसा खाकरला. बाईंनी वहीत काही लिहिलं आणि सरळ बोलल्या. "हे पाहा. हा नकाशा पुरावा म्हणून मी धरते. पण धरला तर सगळा धरेन, अर्धा नाही. चर बुजेल, तुमची गाडी आत येईल. तशीच वाट तुमच्या वावरातून पुढे खोऱ्यापर्यंत सुटेल. आठ फूट. संत्र्याच्या दोन ओळी जातील. राऊत, तुमचं काय?"

हरिओमने खिशात हात घातले. तो निवृत्तीला लहानपणापासून ओळखत होता. "माही ना नाई म्याडम. काकाने दिली तं मी आत्ता देतो. जेसीबी इथंच हाय. काकाची गाडी संध्याकायी बागात."

"ढगेकाका?"

दोन ओळी म्हणजे बावीस झाडं. उरलेली सव्वादोनशे पिवळी होऊन उभी होती, आणि त्यांचा माल संध्याकाळपासून गाडीत भरता आला असता. पुष्पाबाईने कळशी खाली ठेवली, जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, द्या म्हना. बावीस झाडं गेली तं गेली. माल घरात तं येईन."

निवृत्तीने एकदा धम्मशीलाकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती. हात जोडले नव्हते, मान खाली नव्हती. ती नकाशावरच्या त्या तुटक रेघेकडे पाहत होती, आपल्याच घरातली हरवलेली वस्तू शेजाऱ्याच्या फळीवर दिसावी तशी. तिने हात जोडले असते तर त्याने दिली असती का, कोण जाणे. पण ही बाई आता त्याच्या बागेतून गाडीत बसून जाणार, रोज, त्याच्या झाडांना हात लावत. आणि धुऱ्यावर चिखलात उतरायला कुणी उरणार नाही. हे त्याच्याने बघवेना.

"हा नकाशा खोटा हाय," तो म्हणाला.

बाईंचं पेन थांबलं. "काय?"

"खोटा हाय. माह्या बापाले काही समजत नव्हतं. साहेब लोकाईनं तंबूत बसून रेघा मारल्या. तिथं वाट कधी नव्हतीच."

"काका, हा पुरावा तुम्हीच आणला."

"मीच आनला, मीच सांगतो. खोटा हाय."

हरिओम आता मोठ्याने हसला. हसताना त्याने एका हाताने गाडीचा आरसा धरला होता. बाकीचे हसले नाहीत. शरमेने त्यांनी नजरा वळवल्या, आणि ते हसण्याहून वाईट होतं. बाईंनी पंचनामा मोठ्याने वाचून दाखवला. अर्जदाराने स्वतः दाखल केलेला नकाशा खोटा असल्याचे पंचांसमक्ष सांगितले, सबब अर्जात तथ्य दिसून येत नाही. निवृत्तीने सही केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. जाताना बाई धम्मशीलाजवळ थांबल्या. "मावशी, तुम्ही तुमचा वेगळा अर्ज करा. या सरकारी नकाशाची प्रत मी मागवते." धम्मशीलाने मान हलवली. तलाठ्याने नकाशा निवृत्तीच्या हातात दिला. तो त्याने चुरगाळून काखेत मारला.

"पुष्पाकाकू," हरिओम गाडीत बसता बसता म्हणाला, "धुरा बंद नाई करत मी. पायी जा, डोक्यावर न्या. आमच्या आज्यानं तुमच्या घरी लय वाह्यलं डोक्यावर."

पुढचे दोन दिवस निवृत्ती मजूर शोधत हिंडला. तोडायला माणसं तयार होती, वाहायला कुणी नव्हतं. पाऊण मैल धुऱ्यावरून क्रेट डोक्यावर नेणार कोण, असं म्हणत होते. आणि नजरेत दुसरंच काही होतं. ज्या ज्या दारात तो गेला, तिथल्या माणसाला त्याने कधी ना कधी काही म्हटलेलं होतं. चावडीवर, पंगतीत, कुणाच्या पोराच्या साखरपुड्यात. त्याला ते आठवत नव्हतं. त्यांना शब्द न् शब्द आठवत होता. मुलाला, दीपकला, खामगावला फोन लावला. सुट्टी नाही म्हणाला. सून वंदना मागून काही बोलत होती ते ऐकू आलं, आणि निवृत्तीने फोन ठेवून दिला.

तिसऱ्या सकाळी बागेत फळं पडलेली दिसली. एकेका झाडाखाली दहा-वीस, बारीक भोक असलेली, आतून मऊ. डास लागला होता. पुष्पाबाईने पदर खोचला आणि तोडायला लागली. दुपारपर्यंत दोघांनी मिळून बारा क्रेट भरले. वकारचा निरोप आला होता, गाडी चारला सडकेवर येते, तेवढ्यात आनाल तेवढं घेतो.

पुष्पाबाईने एक क्रेट स्वतःच्या डोक्यावर घेतला, सडकेवर नेऊन ठेवला आणि परत आली. पुन्हा नेला, पुन्हा आली. निवृत्ती झाडाखाली बसून पाहत होता. तिसऱ्या खेपेला तिच्या मानेची शीर तटतटून वर आली होती, पातळ मागून घामाने भिजलं होतं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"उठा."

"मी?"

"आन् कोन? तुमच्या बापाचं निशान घेऊन कोनी दुसरा चढत होता का कड्यावर?"

एकेचाळीस वर्षांत ती असं बोलली नव्हती. निवृत्ती उठला. उघड्या डोक्यावर क्रेट ठेवायला गेला तर प्लास्टिकची कड टाळूत घुसली आणि तो कळवळला. पुष्पाबाईने क्रेट खाली उतरवला. इकडेतिकडे पाहिलं. तिचा टॉवेल तिच्याच चुंबळीत गुंतला होता. मग तिने भाकरीच्या पिशवीतून ते कापड काढलं. नकाशा. गुरुवारी त्याने काखेतून काढून कोपऱ्यात फेकला होता. तिने भाकरी गुंडाळायला घेतला होता, कारण तो फाटत नव्हता.

"तो कशाले?" निवृत्ती म्हणाला.

"खोटाच हाय नं," ती म्हणाली.

तिने नकाशाला पीळ दिला. खोरं, कडे, झरा, गाडीवाट, सगळं एका दोरात आलं. दोराची गोल चुंबळ वळली, टोक आत खोचलं आणि नवऱ्याच्या डोक्यावर बसवली. वर क्रेट ठेवला. "मान हलवू नका," ती म्हणाली. "आन् चिखलात पाहू नका, समोर पाहा."

निवृत्ती धुऱ्यावर निघाला. पन्नास पावलांत मान आखडली. शंभर पावलांत पोटऱ्या थरथरू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं, की ओझं डोक्यावर असलं की माणसाला खाली पाहता येत नाही आणि वरही पाहता येत नाही. घाम डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांनी त्याने क्रेट पकडला होता.

धुऱ्याच्या मध्यावर समोरून धम्मशीला आली. डोक्यावर खताचं पोतं, हात मोकळे. दोघं पाच हातांवर थांबली. डावीकडे हरिओमच्या तारा, उजवीकडे पाणी सोडलेल्या गव्हाच्या वावराचा चिखल.

निवृत्ती उभा राहिला. सवयीने वाट पाहू लागला. धम्मशीलाने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. चुंबळीतून कापडाचा एक कोपरा सुटून कानाशी लोंबत होता, आणि त्यावर निळ्या रेघेचा तुकडा होता, शेजारी तुटक रेघ. तिने ती ओळखली. डोळे थोडे बारीक झाले, बस.

ती उतरली नाही.

क्रेट जड होत चालला. निवृत्तीची मान थरथरली, एक संत्रं वरून निसटलं आणि चिखलात पडलं. धम्मशीला हललीही नाही. ती अशी उभी होती, जणू संध्याकाळपर्यंत उभी राहू शकते, आणि तिला खरंच ते जमत होतं. तिने बेचाळीस वर्षं दुसरं काय केलं होतं. मागे पुष्पाबाई चौथा क्रेट घेऊन येऊन थांबली होती.

शेवटी निवृत्तीने उजवा पाय खाली टाकला. घोट्यापर्यंत रुतला. मग डावा. चिखल थंडगार होता.

धम्मशीला त्याच्या शेजारून पुढे गेली. दोन पावलं गेल्यावर तिने न वळता, नेहमीच्या आवाजात सांगितलं, "चुंबळ ढिली बसली, भाऊ. सडकेवर गेल्यावर नीट बांधून घ्या. अजून लय खेपा हायत."

मग ती टेकाडाच्या चढणीकडे निघाली. पुष्पाबाईने अंग चोरून तिला धुऱ्यावर वाट दिली, आणि दोघी बायका एकमेकींना पाहून किंचित हसल्या. निवृत्तीला ते दिसलं नाही. तो चिखलातून पाय उपसत होता.